मराठी शाळेचे पंचनामे करणाऱ्यांसाठी

नरडाण्याच्या चौफुलीवर कुठल्याही हॉटेलात शेवभाजी सांगून बसा. भाजी ताटात पडेपर्यंत शेजारच्या टेबलावर जिल्हा परिषदेच्या शाळांचा निकाल लागलेला असतो. निकाल लावणाऱ्यांत एमआयडीसीतले साहेब असतात, खत-बियाण्यांचे दुकानदार असतात, शिरपूर-दोंडाईच्याला शिकवणी घेणारे सर असतात. ज्यांनी स्वतः मराठी शाळेतच बाराखडी गिरवली असे माजी पदाधिकारी तर हमखास असतात. सगळ्यांचं एकमत असतं. खान्देशात एवढं एकमत कापसाच्या भावावरही होत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मराठी शाळेत शिकवत नाहीत, मास्तर फुकटचा पगार घेतात. त्यांना कुणाचा धाक उरलेला नाही. कंपनीत असतं तसं प्रत्येक मास्तरला वर्षाचं टार्गेट द्या, पुरं झालं का ते मोजा, पगार त्याला बांधा, की पोरं आपोआप हुशार होतील. खाजगी इंग्लिश मीडियमवाले हेच करतात, म्हणून तर त्यांच्या पिवळ्या गाड्या भरून जातात. आणि एवढं करूनही ज्या शाळेत दहा-पंधराच पोरं उरतात ती चालवायची कशाला? कुलूप लावा, पोरांना गाडीत घाला आणि मोठ्या शाळेत नेऊन सोडा.

हे नुसतं हॉटेलातलं बोलणं असतं तर बिल देऊन उठता आलं असतं. पण हीच भाषा मंत्रालयाच्या परिपत्रकांत उतरते, जिल्ह्याच्या आढावा बैठकीत ऐकू येते आणि ‘अत्यंत तातडीचे, आज सायंकाळी पाचपर्यंत माहिती भरावी’ असा मथळा घेऊन केंद्रशाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं भाग आहे.

आधी टार्गेटचं बोलू. मास्तरला टार्गेट नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गेली दहा वर्षं शाळेच्या आवारात पाऊल टाकलेलं नाही. २२ जून २०१५ रोजी शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा निर्णय काढला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे हा त्यामागचा हेतू सोन्यासारखा. पण मुंबईहून निघालेला हेतू शिंदखेडा तालुक्यात पोहोचेपर्यंत वाटेत बराच झिजला आणि ‘तुमची शाळा प्रगत झाली का?’ एवढा एकच प्रश्न शिल्लक राहिला. झाली म्हणायला किती वेळ लागतो? मग डिजिटल शाळांची लाट आली. त्यात धुळे जिल्हा राज्यात पुढे होता. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने आणि गावोगावच्या लोकवर्गणीने २०१७पर्यंत जिल्हा परिषदेच्या अकराशेवर शाळा डिजिटल झाल्या. हातावर पोट असलेल्या माणसांनी शाळेच्या पडद्यासाठी पैसे काढून दिले. इथल्या लोकांना शिक्षणाची चाड नाही असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा तरी आठवावं. पण ‘जिल्हा शंभर टक्के डिजिटल’ ही बातमी छापून आली आणि टार्गेट संपलं. पुढच्या वर्षाचं वीजबिल कोण भरणार, बंद पडलेला प्रोजेक्टर कोण दुरुस्त करणार, यासाठी टक्केवारीचा रकानाच नव्हता.

त्यानंतर ५ जुलै २०२१ला ‘निपुण भारत’ आलं. २०२६-२७पर्यंत देशातल्या प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस वाचता आणि हिशेब करता यायला हवा. म्हणजे टार्गेट आहे, मुदत आहे, अॅप आहे, अहवाल आहे आणि अहवालाचा गोषवाराही आहे. टार्गेट दिल्याने पोरं हुशार होत असती तर एव्हाना अर्धा खान्देश कलेक्टर झाला असता.

‘मोजलं की सुधारतं’ हा दुसरा मंत्र. बरं, मोजतात काय? केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०१७-१८पासून राज्यांची शैक्षणिक प्रगती मोजायला ‘परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स’ सुरू केला. ७० निकष, एकूण १००० गुण. त्यात मुलं प्रत्यक्ष काय शिकली याला १८० गुण आणि कारभाराच्या प्रक्रियांना, म्हणजे हजेरी ऑनलाइन होते का, पदं भरली का, निधी वेळेवर सुटतो का, या सगळ्याला ३६०. शिकण्याच्या दुप्पट वजन कारभाराला. आता २०२०-२१ हे वर्ष आठवा. शाळांना कुलपं होती. घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाच्या खिशात आणि बाप वावरात. ऑनलाइन तास नावाचा प्रकार नरडाण्याच्या आसपासच्या कित्येक घरांत कधी पोहोचलाच नाही. त्या वर्षी महाराष्ट्राला १०००पैकी ९२८ गुण मिळाले. केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने आपण देशात सर्वांच्या पुढे होतो! शाळा बंद ठेवून राज्य पहिलं येत असेल तर त्या उघडायचा खटाटोप तरी कशाला? पुढच्या वर्षी हा निर्देशांक नव्याने बांधावा लागला यातच सगळं आलं.

मोजायलाच नको असं मी म्हणत नाही. ‘असर’ नावाची बिगरसरकारी पाहणी २००५पासून होते. गावात जाऊन, घरी जाऊन, एका मुलापुढे बसून, त्याच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि ते वाचतं का बघतात. २०२४च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना तो उतारा वाचता आला. लाज वाटावी असाच हा आकडा आहे. पण दोन वर्षांपूर्वी तो १६.३ होता आणि करोनाच्या आधी, २०१८मध्येही, एवढा नव्हता. म्हणजे ज्या शाळांना आपण मेल्या म्हणून खांदा द्यायला निघालो त्याच शाळा दोन वर्षांच्या खड्ड्यातून चढून वर आल्या. ही बातमी चौफुलीवर कुणी मोठ्याने वाचून दाखवली का? आणि ‘असर’चा आकडा खरा का वाटतो? त्या आकड्यावर कुणाची वेतनवाढ अडत नाही, कुणाची बदली होत नाही, कुणाचा सत्कारही होत नाही. मग खोटं कोण कशाला सांगेल?

इथेच पगार टार्गेटला बांधायच्या कल्पनेचा निकाल लागतो. ही कल्पना आपल्याला काल सुचली असं तिच्या पुरस्कर्त्यांना वाटतं. तिला दीडशेहून अधिक वर्षं झाली. १८६२ साली इंग्लंडने किती मुलं तपासनिसापुढे वाचन, लेखन आणि गणितात पास होतात त्यावर शाळेचं अनुदान ठरवायला सुरुवात केली. मास्तरांनी काय केलं? नेमलेलं पुस्तक पोरांकडून तोंडपाठ करून घेतलं. शतक संपता संपता इंग्लंडने तो नाद सोडला. आपल्या मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान द्यायची पद्धत आली. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी तिच्याबद्दल स्पष्ट सांगितलं की गरीब आणि अडाणी लोकांमध्ये शिक्षण पसरवायला ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांचे पगार वाढवायला सांगितले. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही, शाळा तीन महिन्यांनी तरी तपासा आणि मध्येच न कळवताही जा, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे तपासणीला फुल्यांचा विरोध नव्हता. गरिबांची शाळा निकालावर तोलायला विरोध होता. भाषणाची सुरुवात फुल्यांच्या नावाने करणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हे निवेदन कधी वाचलं आहे?

ज्यांना फुले जुने वाटतात त्यांच्यासाठी अमेरिका. २००२मध्ये तिथे ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा झाला. २०१४पर्यंत प्रत्येक मूल, म्हणजे शंभर टक्के मुलं, ठरवलेल्या पातळीला आली पाहिजेत. दरवर्षी प्रगती दाखवा, नाही तर शाळेवर कारवाई. २०१४ आलं आणि गेलं. शंभर टक्के कुठेच झाले नाहीत. अटलांटा शहरात मात्र मास्तर आणि अधिकारी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त करताना सापडले आणि २०१५मध्ये त्यांच्यापैकी अकरा जण दोषी ठरले. त्याच वर्षी डिसेंबरात तो कायदाही गेला. पैसा, यंत्रणा आणि मनुष्यबळ आपल्या कितीतरी पट असलेल्या देशात जे फसलं ते शिंदखेडा तालुक्यात एका एक्सेल शीटच्या जोरावर जमेल, असा विश्वास बाळगायला वेगळंच काळीज लागतं.

आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज पडू नये. कापसाचा भाव वजनावर ठरतो म्हटल्यावर गाडी काट्यावर चढायच्या आदल्या रात्री कापसावर पाणी मारणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. तो कापूस वजनाला भरतो, जिनिंगवाल्याची डोकेदुखी होतो, आणि दुसऱ्या वर्षी सगळ्या गावाच्या कापसाला कट्टी लागते. शंभर टक्के निपुण झालेल्या शाळांचा अहवाल असाच भिजलेला असतो. तो वर पाठवणाऱ्याला ठाऊक असतं, वरच्यालाही ठाऊक असतं. ज्याला अजून जोडाक्षर वाचता येत नाही त्या तिसरीतल्या पोराला तेवढं ठाऊक नसतं की सरकारदरबारी आपण पास झालो आहोत. आणि पास झालेल्याला कोण पुन्हा शिकवणार?

आता हे निपुण म्हणजे काय तेही बघा. दुसरीच्या मुलाने मिनिटाला पंचेचाळीस ते साठ शब्द वाचायचे, तिसरीच्या मुलाने किमान साठ. कोणते शब्द? पाठ्यपुस्तकातल्या प्रमाण मराठीचे. नरडाण्याच्या आसपास पोर घरात अहिराणी बोलतं. ‘मना बाप वावरमा गया’ असं ते वर्गात सांगतं तेव्हा त्याला काय सांगायचं ते पक्कं माहीत असतं. त्याला वडील, शेत आणि गेले हे तिन्ही शब्द दुसरीकडून उसने आणायचे असतात. शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात पावरी बोलणाऱ्या पोराला तर सगळं पुस्तकच उसनं. पुण्याचं पोर घरचीच भाषा वाचतं. या दोघांच्या हाती एकच घड्याळ देऊन ‘बघा, खान्देश मागे’ म्हणणं याला मोजमाप म्हणतात का? शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मातृभाषेतून शिकवा असं लिहिलं आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण घरच्या भाषेचा गौरव करतं. मग त्या घड्याळात अहिराणीला दोन वर्षं जास्त का मिळत नाहीत? पहिलीत पोराला त्याच्याच बोलीत गोष्ट सांगून प्रमाण मराठीकडे आणणारा मास्तर एखाद्या वर्षात मागे पडलेला दिसतो. तिसऱ्या वर्षी त्याचा वर्ग सगळ्यांच्या पुढे असतो. पण वार्षिक अहवाल तिसऱ्या वर्षाची वाट बघत नाही.

आणि ही घड्याळं लागतात कधी? राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७मध्ये १३ नोव्हेंबरला झालं, २०२१मध्ये १२ नोव्हेंबरला. त्याच्या जागी आलेलं ‘परख’चं सर्वेक्षण झालं ४ डिसेंबर २०२४ला. दिल्लीत ही साधी तारीख आहे. खान्देशात हे कापूस वेचणीचे दिवस. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून घरातली दहा-बारा वर्षांची पोर वावरात जाते. डोंगरपट्ट्यातली कुटुंबं तर दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर पडतात, पुष्कळशी गुजरातेत, आणि आखाजीच्या आगेमागे परततात. पोरं बरोबरच जातात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते दाखवून कुठल्याही शाळेत बसता यावं अशी सोय आहे. कागदावर ही सोय निर्दोष आहे. प्रत्यक्षात भट्टीजवळची शाळा गुजराती असते. सर्वेक्षणाच्या दिवशी वर्गात जे हजर असतं त्याचीच परीक्षा होते, जे भट्टीवर असतं ते टक्केवारीतच येत नाही. मूल हरवलं तरी सरासरी बिघडत नाही, अशी ही प्रगती.

‘मास्तर शिकवत नाही’ या लाडक्या वाक्याकडे येऊ. काही मास्तर शिकवत नाहीत, हे कुणी नाकारलं आहे? तसे ते प्रत्येक खात्यात आहेत. पण जो शिकवायला उभा राहतो त्याला शिकवू किती देता ते एकदा बघा. यू-डायस, सरल, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, अपार, वृक्षारोपणाचा फोटो, तिरंग्याचा फोटो, शपथेचा फोटो, निरक्षरांचं सर्वेक्षण, मतदार यादी. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. ते कलम रद्द झालेलं नाही, फक्त कुणी ते वाचत नाही. फोटो अपलोड झाला की नाही याची विचारणा दिवसातून दोनदा होते. तिसरीतल्या अमक्या पोरीला हातच्याची वजाबाकी जमली का, याची विचारणा मास्तरला वर्षातून एकदा तरी वरून होते का?

फुकटच्या पगाराचाही हिशेब करू. मे २०१२मध्ये शिक्षकभरती थांबली आणि पवित्र पोर्टलवरून नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. या सात वर्षांत निवृत्त झालेल्यांचे वर्ग शेजारच्या मास्तरने सांभाळले. नेमलेला तरुण पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. २०२३च्या सुरुवातीपर्यंत त्याला महिन्याला ६,००० रुपये मिळत, नंतर १६,००० झाले. एमआयडीसीतल्या साहेबांना विचारतो, ६,००० रुपयांत तुमच्या गेटवर वॉचमन तरी मिळाला असता का? त्या पगारात डी.एड. झालेला माणूस पहिली ते चौथीचे चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसत होता. त्याच्यावर कृपादृष्टी म्हणून शासनाने ५ सप्टेंबर २०२४ला, ऐन शिक्षक दिनी, निर्णय काढला की वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळेतली दोनपैकी एक जागा १५,००० रुपयांच्या मानधनावर कंत्राटी माणसाने भरावी. ओरड झाली तेव्हा वीसचे दहा केले. शिक्षक दिनाची याहून मोठी भेट कोणती?

‘मास्तर गावात राहत नाहीत, धुळ्याहून ये-जा करतात.’ करतात. तलाठी राहतो? ग्रामसेवक? आरोग्य केंद्राचे डॉक्टर? बँकेचे साहेब? एमआयडीसीतले किती अधिकारी नरडाण्यात घर करून आहेत? ‘मास्तरांची स्वतःची पोरं खाजगी शाळेत जातात.’ जातात, आणि ते बरं दिसत नाही. २०१५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी पगार घेणाऱ्या सगळ्यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घाला असा आदेश दिला होता. त्याची अंमलबजावणी झाली नाही. ती मास्तरांनी अडवली नाही, त्यांच्या कितीतरी वर बसलेल्यांना ती नको होती. नियम करायचाच तर सगळ्यांना करा. आमदारापासून सुरुवात केलीत तर पहिला हार मी घालीन.

खाजगी शाळेशी तुलना करणाऱ्यांना एकच प्रश्न. ज्या पोराचे आईबाप वर्षातले सहा महिने उसाच्या फडात असतात ते पोर तुमच्या इंग्लिश मीडियमने कधी पटावर घेतलं? ज्याच्याकडे जन्माचा दाखला नाही, ज्याला चप्पल नाही, ज्याला बोलताना अडतं, ते कुठे जातं? ते मराठी शाळेत जातं, कारण तिथे ‘नाही’ म्हणायची सोय नाही. चाळून घेतलेल्या पोरांचा निकाल चाळणीतून खाली पडलेल्यांच्या निकालाशी लावायचा आणि वर मास्तरची लायकी काढायची, हा कुठला न्याय? गंमत अशी की सरकारलाही ही तुलना सोयीप्रमाणे पटते. ९ फेब्रुवारी २०२४ला शासनाने ठरवलं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर गरिबांच्या मुलांना खाजगी शाळेत पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. जवळची सरकारी शाळा पुरेशी चांगली आहे! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला तो बदल रद्द केला. पण हेच सरकार पाचच महिने आधी, सप्टेंबर २०२३मध्ये, कमी पटाच्या सरकारी शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवत होतं. म्हणजे गरिबाने खाजगी शाळा मागितली की मराठी शाळा उत्तम, आणि मराठी शाळेने दुसरा मास्तर मागितला की तीच शाळा परवडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलायला चांगला सराव लागतो.

समूह शाळेचं उदाहरण म्हणून आपल्याच शेजारच्या तोरणमाळचं नाव घेतलं जातं. १९९८पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे तिथले डोंगर आम्हाला कुणी समजावून सांगायला नकोत. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या मुलांसाठी निवासी शाळा ही एक गोष्ट. पण राज्यात तेव्हा वीस किंवा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं होती. या पावणेदोन लाखांवर मुलांसाठी वसतिगृहं बांधणार आहात? नाही, गाडी देणार. मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाण्याजवळ पाच मिनिटं उभे राहा आणि मग सांगा की सहा वर्षांच्या पोरीला रोज दोनदा हा चौपदरी रस्ता ओलांडायला कुणाच्या भरवशावर पाठवायचं. गाडी पावसाळ्यात येणार का? ठेकेदाराचं बिल थकलं तर येणार का? आली नाही त्या दिवशी पोरगा कदाचित सायकलने जाईल. पोरगी घरी बसेल आणि काही वर्षांत तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होईल. हे वाचवलेल्या पैशाच्या कोणत्या रकान्यात लिहिणार? प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं जे कायदा म्हणतो ते उगाच नाही. गरिबाच्या घरापासून शाळा किती लांब आहे यावर तिथली पोर शिकणार की नाही हे ठरतं.

आणि पट कमी का झाला? मास्तर कमी झाला म्हणून पोरं गेली, पोरं गेली म्हणून मास्तर गेला. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली आला की तिथलं शिक्षकाचं पदच उडतं, अशी तरतूद १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवायच्या, निर्णयात आहे. त्यातही आधार जुळलेली मुलंच मोजायची. नावातलं एक अक्षर चुकलं, बोटाचे ठसे उमटले नाहीत, की वर्गात बसलेलं जिवंत मूल हिशेबात नाही. आधी शाळेचे हातपाय बांधायचे आणि मग ती पळत नाही म्हणून तिला निकामी ठरवायचं, हे धोरण कुणी जाणूनबुजून आखलं असेल असं मी म्हणत नाही. आखलं असतं तरी याहून चोख जमलं नसतं.

मग शाळेची प्रगती बघायची तरी कशी? त्याचं उत्तर कायद्यातच आहे आणि ते टार्गेटवाल्यांच्या नजरेतून नेमकं सुटतं. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात पाऊणभर सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा. तीन वर्षांत काय करायचं, या वर्षी काय करायचं, हे नरडाण्याच्या शाळेपुरतं नरडाण्याच्या पालकांनी ठरवायचं. मोजायचं ते इथे. पहिलीत आलेल्या किती मुलांची नावं चौथीत अजून पटावर आहेत? जी नाहीत ती कुठे गेली? वेचणीच्या दिवसांत कोण कोण गैरहजर होतं आणि त्यांना नंतर कुणी शिकवलं? कोणत्या पोराला अजून वाचता येत नाही, त्याचं नाव काय, त्याच्यासाठी रोज अर्धा तास कोण देतं? इथे टक्केवारीची गरजच पडत नाही, कारण चाळीस पोरांचे आईबाप समोर बसलेले असतात आणि त्यांच्यापुढे भिजलेला कापूस खपत नाही. पण बहुतेक गावांत ही समिती मुख्याध्यापकांनी इतिवृत्तावर सह्या घेण्यापुरती उरली आहे. तिला तसं कुणी उरवलं? मास्तरने एकट्याने नाही. आपण गेलो नाही म्हणून ती तशी उरली.

म्हणून सांगतो. मराठी शाळेची प्रगती ही धुळ्याला, मुंबईला, दिल्लीला पाठवायची बाब नाही. वर पाठवलेला प्रत्येक आकडा वरच्यांना आवडेल असाच होत जातो, आणि त्याला बक्षीस नाही तर शिक्षा जोडली की तो हटकून खोटा होतो. हे लंडनने पाहिलं, अटलांटाने पाहिलं, फुल्यांनी आधीच सांगून ठेवलं. शाळेला दोन मास्तर पुरे द्या, त्यांच्या गळ्यातलं अॅपांचं लोढणं काढा, पोराच्या बोलीला पहिली दोन वर्षं वर्गात जागा द्या आणि शाळा पोराच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहू द्या. एवढं करा आणि मग मास्तरला जाब विचारा. खुशाल विचारा, न कळवता येऊन विचारा. एवढं न करता जो टार्गेटची भाषा बोलतो त्याला पोरं शिकायला नको आहेत, त्याला फक्त अहवाल हवा आहे.

आणि तुम्ही, ज्यांचं पोर आज मराठी शाळेत आहे किंवा काल होतं, तुम्ही व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी आहे ते विचारा आणि त्या दिवशी जा. इतिवृत्तावर सही करायच्या आधी ते वाचा. तिसरीच्या वर्गात शिरून कुठल्याही पोराच्या हातात पुस्तक द्या आणि ते वाचतं का ते स्वतःच्या कानांनी ऐका. त्यानंतर शाळेबद्दल जे वाटेल ते बोला. त्याआधी बोलायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.